जावक नंबर नसलेलं पत्र

९ जून, किनवट
खंडपीठातून याचिकेची प्रत आली. रुक्माबाई आणि इतर दहा जणी. आश्रमशाळेच्या वसतिगृहात बारा-बारा वर्षं रोजंदारीवर भाकऱ्या थापल्या. धोरण बदललं, स्वयंपाक एजन्सीकडे गेला, या बायका घरी बसल्या. म्हणणं एवढंच, की कायम करतो असं आमच्या कार्यालयाने लिहून दिलं होतं. पान चौदावर ते पत्र जोडलंय. ‘आपले नाव कायम करावयाच्या यादीत आहे. अन्यत्र अर्ज करू नये.’
दुसरं वाक्य माझी भर. शहाणपणा! रुक्माबाईला गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून घेत होते. या वाक्यापायी गेली नाही. खाली ‘साहेबांकरिता’ म्हणून सहीही माझीच.

१० जून
साहेब नवे, त्यांना यातलं काही माहीत नाही. “स्वामी, याच्यावर जावक नंबर कुठाय?”
नाहीच. त्या दिवशी जावकच्या बाई माहूरला देवीला गेलेल्या. रजिस्टर कपाटात, किल्ली त्यांच्याकडे. बायका व्हरांड्यात ताटकळलेल्या. म्हटलं नंबर सोमवारी टाकू, आणि गोल शिक्का मारून पत्रं हातोहात वाटली. सोमवारी विसरलो.
साहेब खूश. “मग पत्र आपलं नाहीच! सही तरी कुणाचीय? नुसता गिचमिडकाला.”
मी हसलो. हसलो कशाला?

१२ जून
सरकारी वकील बाईंचा फोन. “धोरण बदलायचा सरकारला अधिकार आहे, त्याची काळजी नाही. पण शब्द दिला असेल आणि त्या भरवशावर कुणी काही सोडलं असेल, तर कोर्ट विचारणार, धोरण कशासाठी बदललं, आधी त्यांचं ऐकून घेतलं का. वैध अपेक्षा म्हणतात त्याला. तेव्हा पत्र दिलं होतं का, एवढं मला नक्की सांगा.”
याचिकेला द्यायच्या उत्तराचा मसुदा मीच लिहिला. परि. ७ : ‘सदर पत्राची नोंद या कार्यालयाच्या जावक नोंदवहीत आढळून येत नाही.’ शब्द न् शब्द खरा. त्याचीच जास्त लाज वाटते.

१५ जून, चाकूर
रविवार, घरी. हिने या केसचं पेपरात वाचलेलं. “कोण हो असं लिहून देतं आन् पलटतं?”
म्हटलं, असतात एकेक. पेपर घडी करून बाजूला ठेवला.

१७ जून, किनवट
एसटी स्टँडवर रुक्माबाई. तोंड चुकवणार होतो, तिनेच हाक मारली.
“सायेब, आमच्या वकिलानं लई खोदून इचारलं, कागद कुनाच्या हातून भेटला म्हून. म्या म्हनलं, ध्यानात न्हाई.”
“असं का सांगितलं?”
“तुमी आमच्या भल्यासाठीच देलता. लेकराबाळाचे मानूस तुमी, तुमाला कशाला गोवावं?”
चहा तिनेच पाजला. मी प्यालोही. इतका निलाजरा कधी झालो कळलं नाही.

१८ जून
शपथपत्र टाइप होऊन आलं. परि. ७ जसाच्या तसा. शपथेवर सही करायला साहेबांनी मलाच नेमलंय. उद्याच्या गाडीने पाठवायचं.
परि. ७ च्या खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘पत्रावरील सही माझी आहे.’ खोडलं. परत लिहिलं.
साहेब आतून, “झालं का स्वामी?”
आलोच म्हणालो. अजून खुर्चीतच आहे, ओळ तशीच.