चूक आली तरी पुढे चला

सोमवार, ३
पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नवी नोकरी म्हणजे टकलाला कंगवा बक्षीस. पण मिळाली! इस्पितळाच्या तळघरातली सर्व्हरची खोली आता माझी. थंडी अशी की स्वेटर घातल्याशिवाय हजेरी लागत नाही. काम सोपं. प्रत्येक रुग्णाची नोंद एका डेटाबेसमध्ये असते, रात्री आपोआप त्याचा बॅकअप म्हणजे नक्कल निघते, आणि ती नीट निघाली का, हे मी सकाळी पाहायचं. अण्णांना समजावून सांगितलं, तर म्हणाले, शाळेत दुसऱ्याचा गृहपाठ फुकट उतरवायचास, आता पगार घेऊन उतरव. घरात आम्ही बापलेक दोघंच. अपमान वाटून घ्यायलाही तिसरं कुणी नाही.

गुरुवार, ६
आल्यापासून बॅकअप अडतोय. डिस्कचा एक कोपरा खराब आहे. नक्कल तिथवर येते आणि रुसलेल्या जावयासारखी बसकण मारते. भिंतीवरच्या पडद्यावर मग लाल दिवा. आमच्या विभागप्रमुख बाईंना लाल रंग सोसत नाही. पाठीमागे सगळे त्यांना हिरवळबाई म्हणतात. तपासणी समिती येणार आहे, त्याआधी दिवा हिरवा हवा, कसा ते मला सांगू नका, असं म्हणाल्या.

खरा उपाय असा : सगळं एक दिवस बंद ठेवायचं, डिस्क बदलायची, आणि शेवटच्या चांगल्या नकलेवरून सारं पुन्हा भरायचं. म्हणजे समितीपुढे कबुली. दुसरा उपाय बॅकअपच्या सेटिंगमधल्या एका चौकटीत होता : ‘चूक आली तरी पुढे चला.’ खूण केली. आता नक्कल खराब नोंदीवर अडणार नाही, तिला वगळून पुढे जाईल. नक्कल साठवायच्या यंत्रात जागा एकाच नकलेची, तेव्हा आजची निघाली की आधीची पुसली जाणार, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही केली.

शुक्रवार, ७
दिवा हिरवा. हिरवळबाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. टाळ्या झाल्या. माझे कान तापले. काहींना तो विनय वाटला.

शनिवार, ८
अण्णा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड. माझ्या ओळखीमुळे पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट लगेच मिळाली. संध्याकाळपर्यंत त्यांनी वॉर्डभर सांगून टाकलं की या इस्पितळाची सगळी स्मरणशक्ती माझा मुलगा सांभाळतो. मी चादरीच्या सुरकुत्या काढत राहिलो.

मंगळवार, ११
सकाळी अहवालात एक ओळ : ‘एक नोंद वगळली.’ वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक बाई थर्मास घेऊन बसली होती. तिचा नवरा दाराजवळच्या खाटेवर होता म्हणे. नर्स म्हणाली, ती खाट आठवडाभर रिकामी आहे. थर्मासवाल्या बाईंनी मला कॉम्प्युटरमध्ये बघायला लावलं. नाव नव्हतं. नक्कल करताना सुटलेली नोंद मूळ डेटाबेसमधून जात नसते. इतक्या वर्षांत असं कधी पाहिलेलं नाही. आणि नोंद गेली म्हणून माणूस जातो?

त्यांना म्हणालो, स्पेलिंग चुकलं असेल. माझ्या तोंडून हे इतकं सहज निघालं, की मलाच किळस आली.

बुधवार, १२
बाई आजही तिथेच. थर्मास, दोन पेले. मला थांबवून अगदी नम्रपणे विचारलं, मी इथे कुणाची वाट बघतेय, तुम्हाला काही कल्पना आहे का?
मी म्हणालो, मी इथे नवीन आहे.

शुक्रवार, १४
आणखी नोंदी वगळल्या. अण्णांच्या शेजारचा खोकणारा म्हातारा नाही. अण्णांनी विचारलं, तर नर्स हसली, आजोबा, तिथे कुणी नव्हतंच. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, तुझ्या त्या यंत्रात बघ ना जरा. आणि मग हळूच, तू काही केलं नाहीस ना रे?
नाही म्हणालो. बापाच्या डोळ्यांत बघून.
उद्या खूण काढणार. सगळं सांगणार. नोकरी गेली तर गेली.

शनिवार, १५
सांगायलाच गेलो होतो. केबिनमध्ये समिती बसलेली. हिरवळबाई म्हणाल्या, दिवा हिरवा केला तो यांनीच. अध्यक्ष उठून हात मिळवायला आले. वॉर्ड किती प्रशस्त आहेत म्हणाले.
मी आभार मानले.
खूण तशीच आहे. समिती उद्या जाईल. एका रात्रीचा तर प्रश्न —

रविवार, १६
अहवालात खिडकीजवळच्या खाटेचा क्रमांक.
धावत वर गेलो. चादर ताणून घातलेली. नर्स म्हणते, इथे कुणी —
खूण काढली. उपयोग नाही. कालच्या नकलेवर आजची चढली, आजच्यात ते नाहीत. अण्णा. माझे वडील. खुब्याचं हाड. गृहपाठ उतरवायचास म्हणाले होते. अण्णा, अण्णा, अ — त्यांचं पूर्ण नाव — आता होतं जिभेवर —

सोमवार, १७
नोकरी कायम झाली. पत्र मिळालं.
सकाळी चहा दोन कप केला. कशाला, कोण जाणे. दाराशी एक काठी आहे. आधीच्या भाडेकरूची असावी.
चहा थर्मासमध्ये भरून घेऊन आलो. पाय तळघराकडे वळेनात. वॉर्डाबाहेरच्या बाकापाशी थांबलो. बाईंनी आपला थर्मास उचलून मांडीवर घेतला. सरकून जागा दिली.
इथे बसून लिहितोय. आतली खिडकी दिसते, खाट दिसते. लाज वाटतेय. इतकी, की मान वर होत नाही. पण कुणाची, ते —