दसऱ्याला पूजलेलं ग्राफिक्स कार्ड आणि काकांचं गाऱ्हाणं

मुलुंड (पूर्व),
२६ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप वनमालाकाकीस,

अनिरुद्धचा साष्टांग नमस्कार. (मायना लिहायलाच अर्धा तास गेला. काका गेल्यावर तुझ्या नावामागे जे लावायची जुनी रीत आहे, ते मी लावलेलं नाही. तुला चालत नसेल तर कळव, तरीही लावणार नाही.) गुडघे कसे आहेत? माकडांनी यंदा नारळ ठेवलेत का? इकडे आम्ही सगळे आहोत, याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही हकिकत ओरडून सांगायची माझ्यात ताकद उरलेली नाही, म्हणून पत्र.

वाईट बातमी आधीच सांगून टाकतो. काका दर गणपतीत देवापुढे सगळ्यांसाठी गाऱ्हाणं घालायचे, त्याची फिल्म त्यांच्या वर्षश्राद्धापर्यंत होईल असं मला वाटत नाही. सात गणपतींच्या सात कॅसेट तू जुन्या लुगड्यात गुंडाळून विश्वासाने माझ्याकडे दिल्यास. चौकात पडदा लावायचा, सगळी भावकी बसवायची आणि काकांचं गाऱ्हाणं पुन्हा एकदा ऐकायचं, एवढी एकच गोष्ट तू वर्षभरात कुणाकडे मागितलीस. आणि ती नेमकी माझ्याकडे मागितलीस. मी लग्नाच्या फिल्मा करून पोट भरतो, त्यामुळे नाही म्हणायला जागाही नव्हती.

कॅसेटमधलं सगळं मी कॉम्प्युटरवर उतरवलं, खरखर काढली, जोडकाम केलं. राहिलं होतं ते शेवटचं काम, म्हणजे सगळ्याची एक सलग फाइल बनवणं. हे काम कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड दोन-अडीच तासांत करतं. आता हे कार्ड आणि बाकीचा कॉम्प्युटर एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो. (गाडीचा नव्हे. हे पण मला आईला तीनदा सांगावं लागलं.) दुभाष्या ठीक असेल तर काम होतं, नसेल तर दोघं एकाच घरात अबोला धरून बसतात.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारं पुजतात आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. कॅमेरा, स्टँड आणि कॉम्प्युटर पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. तुझ्या सूनबाईने, दर्शनाने, कॉम्प्युटर बंद करू दिला नाही. पूजेत हत्यार निजलेलं बरं दिसत नाही, म्हणे. झालं. ज्या यंत्राला माझ्या घरात वर्षभर अर्ध्या तासाची उसंत मिळत नाही, त्याला अख्खा दिवस कुणी हात लावला नाही. रिकामं बसल्या बसल्या त्याने इंटरनेटवरून स्वतःला अपडेट करून घेतलं आणि जुना दुभाष्या काढून नवा नेमला. नव्याला माझं सहा वर्षांचं जुनं कार्ड ओळखताच येईना. देवापुढे बसून कॉम्प्युटर कामातून सुटायचा नवसच बोलला असावा.

कार्ड नाही म्हटल्यावर सगळा भार प्रोसेसरवर पडला. तो बिचारा सगळी कामं करतो, पण चित्रांचं काम त्याचं नव्हे. त्याने एकेचाळीस तास सांगितले. मी म्हटलं, घे बाबा. एक अख्खा दिवस आणि रात्र घरात पीठगिरणी चालल्यासारखा आवाज होता. त्रेसष्ट टक्क्यांवर बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा त्रेसष्टवर बंद. तिसऱ्यांदाही तेच. तिन्ही वेळा पडद्यावर काका हात जोडून, तोंड उघडं ठेवून थांबले होते. पुढचं वाक्य काही येईना. काकी, ते बघवत नव्हतं. मी पडद्यावर टॉवेल टाकला.

मग मी स्वतः दुरुस्तीला बसलो. (इथे दर्शनाने जे म्हटलं ते लिहीत नाही.) नवा ड्रायव्हर काढताना आणखी काहीतरी काढलं गेलं आणि पडद्यावरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी झाली. शेवटी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन रिक्षाने घाटकोपरला मुकुलकडे गेलो. हा मुकुल पन्नाशीचा आहे, चष्मा कपाळावर ठेवतो आणि वीस वर्षं हेच काम करतो. त्याने झाकण काढलं, पंख्यातून चिमट्याने झेंडूच्या पाकळ्या काढून कागदावर ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘दादा, कार्ड एकदम झकास आहे. मागचा ड्रायव्हर टाकून देतो. पण यार, पूजा बाहेरून करत जा ना.’’

जुना ड्रायव्हर बसला, कार्ड चालू झालं. घरी आणून वायर जोडली, चहा घेतला, परत येऊन बघतो तर त्याने पुन्हा स्वतःला अपडेट केलेलं. तेव्हा माझी उमेदच गेली. म्हणून म्हणतो, यंदा पडद्याचं राहू दे. फोटोला हार घालू, गुरुजींचं काय ते करू, फिल्मचं पुढच्या वर्षी बघू. भावकीला तूच सांग, मला ते जमणार नाही.

तब्येतीला जप. गोळ्या चुकवू नकोस.

तुझा,
अनिरुद्ध

ता.क. : दर्शनाने पत्र वाचलं. कॉम्प्युटर बंद करू नको असं मीच म्हणालो होतो, ती बंद करायला निघाली होती, हे लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवू देणार नाही म्हणते. लिहिलं. फुलंही मीच घातली होती.

ता.क. २ : दर्शना स्वयंपाकघरात गेली आहे, म्हणून खरं ते लिहितो. मुकुलला परत फोन केला होता. ड्रायव्हर पुन्हा मागचा टाकून ते आपोआप अपडेट होणं कसं बंद करायचं, ते त्याने सांगितलं. गेल्या रविवारपासून कार्ड नीट चालतं आहे. एक बटण दाबलं की अडीच तासांत फिल्म तयार. आठवडा झाला, मी दाबलेलं नाही. शेवटच्या कॅसेटमध्ये गाऱ्हाणं संपतं, सगळे ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणतात, आणि मी कॅमेरा तसाच धरून उभा आहे. काका थेट माझ्याकडे बघून म्हणतात, ‘‘अनिरुद्धा, पुरे झाला आता. ता बंद कर आणि जेवक ये.’’ फाइल बनली की काम संपलं, मग कॅसेट बांधून तुला परत द्यायच्या. तेवढंच हातून होत नाही. वर्षश्राद्धाआधी दोन दिवस मुलुंडला येशील का? गुडघ्यांचं बघू, मी न्यायला येतो. बटण तू दाब. मी शेजारी बसतो, मग दोघं जेवू.