आईच्या कापसाची उशी

नौपाडा, ठाणे

ती. सुमतीताईस,

धाकट्या शीलाचा वाकून नमस्कार (कमरेतून, मानेतून वाकायला सध्या बंदी आहे).

कोपरीला असताना दिवाळीआधी आई तिची गादी गच्चीवर उन्हात टाकायची आणि राखणीला आपल्याला बसवायची, आठवतं? तू पालथी पडून इंग्रजीचा धडा घोकायचीस, मी त्या गरम कापसात गाल खुपसून झोपायचे. असो. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? डोंबिवलीत पाणी वेळेवर येतं ना?

माझी डोकेदुखी तुला ठाऊकच आहे. चष्मा बदलून झाला, चहा सोडून झाला (दुपारचा, सकाळचा सोडणारी माणसं वेगळी), पित्ताच्या गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, डोक्यात काही नाही. हे ऐकून आमच्या साकेतला जो आनंद झाला तो मुलाला शोभणारा नव्हता. दुखणं मानेतून वर चढतं म्हणे. म्हणून इथल्याच एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जाऊ लागले. तिथली रुचिता आपल्या सुनांच्या वयाची. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी दहा वर्षं खपून आपली हनुवटी वर केली, आणि ही पोरगी ती आत ढकलते. ‘काकू, डबल चिन काढा. अजून. लाजू नका.’ जन्मभर जी लपवली ती आता दिवसातून चारदा काढून दाखवायची. परवा भाजीवालीसमोरच व्यायामाची आठवण झाली, म्हणून मान मागे घेतली. ती म्हणाली, ‘मावशी, एवढं तोंड वाकडं नका करू, गवार कमी लावते.’ तेव्हापासून मी व्यायाम बाजारातच करते.

इथवर ठीक होतं. मग रुचिता म्हणाली, घरची उशी घेऊन या. आई गेल्यावर तिची गादी उसवून आपण पिंजाऱ्याकडून दोन उशा करून घेतल्या, त्यातली माझी मी नवा अभ्रा घालून रिक्षात मांडीवर घेऊन गेले. (रिक्षावाल्याने विचारलं, ‘कोणाला ॲडमिट केलंय?’) रुचिताने ती दाबली, म्हणजे दाबायचा प्रयत्न केला. ‘काकू, ही उशी नाही, लोड आहे. मान यानेच बिघडलीय. आजपासून बंद.’ मी म्हटलं, हा माझ्या आईचा कापूस आहे. ती हळूच म्हणाली, ‘आईंना तुमचं डोकं दुखलेलं आवडलं असतं का?’ असल्या प्रश्नाचं उत्तर कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नाहीत.

तर उशी सोडली. टॉवेलची घडी घेऊन झोपते, आणि डोकं खरंच उतरलंय. वस्तूत जीव गुंतवू नये हे या वयात तरी कळायला हवं. मला ते कळलं आहे. फोन न करता पत्र का, तर मोबाइलमध्ये मान घालायलाही बंदी आहे. हे ओट्यावर पिठाचा डबा, त्यावर वही ठेवून उभ्याने लिहिते आहे.

तुझी,
शीला

ता. क. : टॉवेलवर झोप येत नाही. आणि डोकं दुखत नसल्यामुळे जागं राहून करायलाही काही नाही.

आणखी एक ता. क. : तू तुझी उशी कधी पुन्हा पिंजून घेतली नाहीस, म्हणून मी तिला पापड म्हणत आले. माझी मी सारखी पिंजून घेतली, दर वेळी नवा कापूस भरला. आता तिच्यात आई किती आणि बाजार किती, कोण जाणे. तुझ्या पापडात निव्वळ आई आहे. शिवाय रुचिताने सांगितलेली जाडी नेमकी त्याचीच.

तेव्हा असं कर. नाही म्हणू नकोस. साकेत रविवारी माझा लोड घेऊन येईल. त्यातल्या निम्म्या कापसाचे तुझ्या श्रियाच्या बाळाला दोन्ही कुशींना ठेवायला छोटे लोड करून घे. उरलेल्याची उशी तुला, गुडघ्याखाली छान बसेल. पापड मला. अभ्रा धुऊन पाठवू नकोस. आईचा वास त्यातून केव्हाच गेला असेल. तुझ्या तेलाचा येईल, तो चालेल.