अठरा काडतुसं

बर्च बेंड, पोर्क्युपाईन नदी
६ ऑगस्ट १९६२

चि. टायटस यास आजी डॉर्कसचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

बोलते आहे मी, लिहिते आहे तुझी बहीण हेस्टर. मला अक्षर येत नाही याचा ती फायदा घेत असावी. मघापासून मी दहा गोष्टी सांगितल्या आणि कागदावर दोनच ओळी दिसतात. तेव्हा पत्रात जे गोड लागेल ते तिचं आणि जे टोचेल ते माझं, असं धरून चाल.

मासे वाळून झाले. कुत्री माजली आहेत. माझे गुडघे तुझी आठवण काढतात, कारण सरपण वाहायला तू नाहीस.

आता कामाचं. तुझ्या आजोबांच्या रायफलीची काडतुसं संपत आली. पुढच्या महिन्यात मोठ्या नाकाचा, तो फावड्याएवढ्या शिंगांचा, पाण्यावर उतरेल. त्याचं नाव मी घेत नाही. त्याला ऐकू जातं, आणि आपण आधीच पातेली घासून बसलोय असं कळलं की तो फिरकत नाही. तू बंदुकांच्या दुकानात नोकरीला आहेस, तर जड गोळीची काडतुसं पाठव. बोथट, मऊ शिशाच्या टोकाची. खांद्याचं हाड फोडून आत जाईल अशी.

ती वापरायची कुणी, हा खरा घोर आहे. गेल्या वर्षी तू आठ दिवस येऊन गेलास त्याच आठवड्यात हेस्टरच्या नवऱ्याच्या, अँब्रोसच्या शिकारीच्या तळाजवळ, दुसऱ्या ओढ्याच्या काठी झुडपांवर रक्त सापडलं. जनावर नाही, नुसतं रक्त. जखमी करून सोडून दिलेलं. गाव म्हणतं, हे त्याचंच काम, परक्या गावचा तो. असं केल्यावर मग मोठ्या नाकाची सगळी जात रुसते, कुणालाच भेटत नाही. सगळा हिवाळा आपण सशांवर काढला. तेव्हापासून त्याला कुणी होडीत घेत नाही. लिही हेस्टर, तुझाच नवरा आहे म्हणून थांबू नकोस: माझाही त्याच्यावर विश्वास नाही. (लिहिलं. — हेस्टर) मी नुसतं रोखून पाहिलं तरी जावईबापू बुटांकडे बघतात. खाली मुंडी घालायला काही कारण लागतं की नाही?

आता तो म्हणतो, या वर्षीही गावात जागा नसेल तर हेस्टरला घेऊन नदीच्या खालच्या अंगाला, आपल्या माणसांत जाईन. तुम्हा दोघांना मी वाढवलं. तू शहरात गेलास. हीही गेली तर मी भांडायचं कुणाशी?

माया कमी करू नकोस, मीही करत नाही.
आजी


फेअरबँक्स
१४ ऑगस्ट १९६२

ती. आजीस टायटसचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. टोचलेलं सगळं तुझंच होतं.

मंगळवारच्या विमानाने काडतुसांचा डबा पाठवला आहे. गोळी एकशे पंचवीस ग्रेन वजनाची. तू मागितलेली दोनशेवीसची आता म्हातारी माणसं नेतात. आमचे मालक म्हणतात, सगळी जादू वेगात आहे. हलकी गोळी सुसाट जाते, नेम सरळ राहतो, खांद्याला दणकाही कमी. मूस काय, अस्वल काय, उभं राहणार नाही.

अँब्रोसबद्दल एवढी घाई करू नका. रक्त कुणाचंही असू शकतं, लांडग्यांनीही काही केलेलं असेल. तो विषय आता जुना झाला.

हेस्टरला सांग, तिच्यासाठी लाल मणी धाडतो आहे. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा टायटस


बर्च बेंड
२२ ऑगस्ट १९६२

चि. टायटस यास आशीर्वाद, वि. वि.

नाव घेतलंस ना मेल्या? आता तो डोंगराच्या पल्याड गेला असेल.

डबा मिळाला. मला वाचता येत नाही, मोजता येतं. डब्यात खाचा वीस आणि काडतुसं अठरा. पहिला संशय विमानवाल्यावर, मग हेस्टरवर, मग तुझ्या मालकावर. विमानवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, आजी, मी दोन काडतुसं चोरून काय कानात घालू? त्याचं म्हणणं पटलं.

दुसरं. काठीच्या मधोमध दोरी बांधून एका टोकाला तुझ्या आजोबांचं जुनं काडतूस टांगलं, दुसऱ्याला तुझं. तुझं वर गेलं, जसा तू दहाव्या वर्षी झोपाळ्यावर जायचास तसंच. आणि टोकाला भोक! असली गोळी मला कातड्यावरून माहीत आहे. कोल्ह्याला लागली की पलीकडे टोपीएवढं भगदाड पाडते. मोठ्या नाकाच्या खांद्यावर मात्र कातड्याखालीच तिच्या ठिकऱ्या होतात, हाडापुढे जातच नाही. चाळीस वर्षं कातडी खरवडते आहे. पत्रं तुम्ही वाचा, भोकं मी वाचते. बंदुकांच्या दुकानात राहून तुला हे ठाऊक नाही, की ठाऊक असून पाठवलंस?

अँब्रोसला डबा दाखवला. त्याने एक काडतूस उचललं, बूड वर करून त्यावरचा छाप पाहिला, परत खाचेत ठेवलं आणि सरपण फोडायला गेला. दुपारभर फोडत होता. एवढं सरपण कुणी मागितलं होतं? मला तो माणूस काही नीट वाटत नाही.

दोन काडतुसं कुठे गेली ते कळव. माया आहे, पण तूर्त एका डोळ्याने बघते आहे.
आजी


फेअरबँक्स
३० ऑगस्ट १९६२

ती. आजीस सा. नमस्कार.

तू म्हणजे अगदी पोलीस झालीस. तो डबा दुकानात नमुन्याला उघडा ठेवलेला असेल. गिऱ्हाईकं हातात घेऊन बघतात, एखादं खिशात जातं. किंवा बांधताना माझ्याच हातून पडली असतील. गोदामात उंदीरही फार झालेत. दोन काडतुसांचं एवढं काय?

जड गोळ्या संपल्या आहेत, आल्या की पाठवतो. या वर्षी मला यायला जमेलसं दिसत नाही. काम फार आहे. तब्येतीला जप.
तुझा टायटस

(ताईस: आजी आणखी काही म्हणाली का, ते वेगळ्या कागदावर कळव.)


बर्च बेंड
१७ सप्टेंबर १९६२

चि. टायटस यास आशीर्वाद.

वेगळा कागद नाही. हेस्टरने तुझी खालची ओळही वाचून दाखवली. उंदीर काडतुसं नेतात हे मात्र पहिल्यांदाच ऐकलं.

तुझ्या जड गोळ्या आल्या नाहीत. माझ्या सुयांच्या डबीत तुझ्या आजोबांची शेवटची तीन जड काडतुसं उरली होती, ती मी अँब्रोसला दिली. मनाविरुद्ध दिली. तुला खोटं का सांगू? तो एकटाच गेला. चौथ्या दिवशी होडीच्या कडा पाण्याला टेकेपर्यंत मांस भरून आला आणि दोन काडतुसं माझ्या हातात परत ठेवली. एकच बार. गोळी खांद्याच्या हाडातून काळजापर्यंत गेलेली.

गाव काठावर आलं, पण हात मागे बांधून. रीतीप्रमाणे त्याने पहिला वाटा म्हाताऱ्या एफ्राइमपुढे धरला. एफ्राइम म्हणाला, आमच्याकडे ससे आहेत. मग एकेक जण ससे आठवून घरी गेला. मांस मांडवावर वाळतं आहे आणि न्यायला कुणी येत नाही. हेस्टर घोंगड्यांच्या घड्या घालते आहे. मला म्हणते, हवा देते आहे. घोंगड्यांना हवा दोरीवर देतात, पेटीत नाही.

कातडं आणि डावा खांदा माझ्याकडे आले. डाव्या खांद्यावर जुना व्रण होता, वर्षभराचा, भरून आलेला. ताज्या भोकापासून वीतभर अंतरावर. खाली मांसात गाठ. सुरी लावली तर आत टक्कन वाजलं. तांब्याचं फाटकं टरफल, आत शिशाचा कण. कातड्याखालीच फुटलेलं, हाडाला नुसता ओरखडा. मी पक्कड घेऊन तुझ्या डब्यातल्या एका काडतुसाची गोळी उपटली आणि शेजारी ठेवली. टोकाच्या कडेला बारीक खाचा असतात ना? तिला सहा. टरफलाला सहा.

मी तुला काही विचारत नाही. आपल्यात विचारत नाहीत. ती वस्तू माणसापुढे ठेवतात आणि त्याला चहा ओततात. टरफल पाकिटात घातलं आहे. चहा तुझा तू ओतून घे.
आजी


फेअरबँक्स
२४ सप्टेंबर १९६२

ती. आजीस,

चहा ओतला होता. तसाच गार झाला.

गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी मी एकटाच दुसऱ्या ओढ्यापर्यंत गेलो होतो. दुकानातून ही नवी काडतुसं मिरवायला आणली होती. चाळीस पावलांवर तो उभा. दोन बार काढले. एक पाण्यात गेला. दुसऱ्याने तो गुडघ्यांवर आला, उठला आणि झुडपांत शिरला. रक्त मी पाहिलं. पण विमान दुपारी निघणार होतं. मनाला सांगितलं, खरचटलं असेल. माग काढला नाही. इथे आल्यावर ताईच्या पत्रातून कळलं की आळ अँब्रोसवर आलाय. तेव्हा लिहायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात लिहू म्हणता म्हणता वर्ष गेलं. उरलेला डबा डोळ्यांसमोर नको म्हणून तुलाच धाडून दिला. हलक्या गोळीत दोष आहे असं मनापासून वाटलंच नव्हतं. आपला नेम चुकला असंच धरून होतो.

हे पत्र सगळ्यांसमोर वाच. जड गोळ्यांचे दोन डबे याच विमानाने येतील. दोनशेवीस ग्रेन, बोथट टोक. दुकानात त्या पहिल्यापासून होत्या.

माया ठेव असं म्हणायला तोंड नाही.
टायटस


बर्च बेंड
३ ऑक्टोबर १९६२

चि. टायटस यास आजीचे आशीर्वाद. एकही कमी केलेला नाही.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर हेस्टरने तुझं पत्र वाचलं. अर्ध्यावर तिने कागद पाद्रीबाबांकडे दिला, पुढचं त्यांनी वाचलं. दुपारी लोक पातेली घेऊन आले. एफ्राइमने दोनदा नेलं आणि म्हणाला, ससे फार चिवट निघाले.

मग मी अँब्रोसला बसवलं, मोठ्या नाकाच्या नाकाचं कालवण पहिल्यांदा त्याला वाढलं आणि म्हटलं, बाबा, तू वर्षभर गप्प का? त्याने तंबाखूच्या पिशवीतून दोन रिकाम्या पितळी पुंगळ्या काढल्या. तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी ओढ्याच्या वाळूत त्याला सापडल्या होत्या. त्याने दोन दिवस दलदलीतून रक्ताचा माग काढला होता, बर्फाने ठसे बुजवेपर्यंत. तुझा डबा आला तेव्हा बुडाचा छाप पाहूनच त्याने ओळखलं. बायकोचा भाऊ, आठ दिवसांचा पाहुणा, म्हणून बोलला नाही.

मी म्हटलं, निदान मला तरी सांगायचंस. तर म्हणाला, आजी, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही नुसत्या बघत राहिलात.

हे हेस्टरने लिहावं म्हणून मी दोनदा बोलले. विमानवाल्यावर संशय घेतला, हेस्टरवर घेतला, तुझ्या मालकालासुद्धा सोडलं नाही. तुझ्यावर सगळ्यात शेवटी, कारण तू माझा. आणि त्याच्यावर सगळ्यात आधी, कारण तो माझा नव्हता. अँब्रोस हसला, तेव्हा कळलं की त्याला पुढचा एक दात नाही. वर्षभर घरात जेवतो आहे आणि मला माहीत नव्हतं.

घोंगड्या पेटीतून निघाल्या. आता नदी गोठली की तू ये. कातडं वाळवून ठेवलं आहे, हात लावलेला नाही. खरवडायचं तू, कातडं मऊ करायला जनावराचा मेंदू चोळायचा तू, धूर द्यायचा तू. मी बसून चुका काढीन. त्याचे अँब्रोसला हातमोजे होतील, आणि त्या व्रणाच्या जागी ठिगळ तू शिवायचं.

तुझा हलक्या गोळ्यांचा डबा परत धाडते आहे. सतरा धड आहेत, एकाची मी गोळी उपटलेली, आणि त्या दोन पुंगळ्या शेवटच्या दोन खाचांत बसवल्या आहेत. मोजून घे. आता वीस आहेत.
आजी