कार्ले खिंडीतला तिसरा गिअर

थळ, ता. अलिबाग
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

चि. रत्नपाल यास,
सप्रेम जय भीम.

नीराबाईच्या मासळीच्या गाडीचा आवाज आठवतो का रे? कार्ले खिंड चढताना आधी घुंऽऽ, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग खट्. मला ते मधलं काहीच नाही फार आवडायचं. शाळेत गुरुजी सांगत, ओळीत श्वास घ्यायची जागा असते, तिला यती म्हणतात. तिथे घाई केली की कविता मरते. मी सातवीत शाळा सोडली, पण ती जागा नाही सोडली. क्लच दाबून दांडा मोकळा करायचा, मनात अर्धी ओळ म्हणायची, श्वास, परत क्लच, पुढचा गिअर. सपाटीला ओवी, चढाला भुजंगप्रयात. पस्तीस वर्षं तिची गाडी अशीच हाकली.

इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, त्याला ऐकवायला माझ्याकडे भरपूर कविता आहेत. आरोही वेळेवर कॉलेजला जाते, वेळेवर जेवत मात्र नाही. काल सुकटीचं कालवण केलं तर तीन भाकऱ्या खाल्ल्या. जयमालाला सांग, लेकीची काळजी करू नको.

आता मुद्द्याचं. तिचा तो गाडीचा खेळ तू तुझ्या घरात नको म्हणालास, म्हणून तो माझ्या माडीवर आला, हे तुला ठाऊक आहे. टेबलाला स्टिअरिंग, खाली पेडल, समोर पडदा. येत्या रविवारी तिची ऑनलाइन शर्यत आहे, डोंगरातल्या मातीच्या रस्त्यांवरची. त्यासाठी तिने दोन गिअरचे दांडे मागवलेत. शनिवारच्या आत एक परत पाठवायचाय. मला म्हणते, "आजोबा, तुम्ही निवडा. गिअरमधलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?" माझी छाती फुगली. या वयात छाती फुगायला फार थोडी कारणं उरतात.

पहिला दांडा आपल्या ट्रकसारखा. सहा गिअरची सहा घरं, शिवाय एक खटका दाबला की दुसऱ्या पद्धतीनेही चालतो. दुसऱ्याला घरंच नाहीत. नुसता सरळ दांडा, पोलादी, जड. ओढला की वरचा गिअर, ढकलला की खालचा, आणि एकामागून एकच. त्याला सिक्वेन्शियल म्हणतात. मी म्हटलं, हा कसला दांडा, ही तर पाण्याच्या पंपाची मूठ! पहिलाच ठेव.

ती हसली. "बसून बघा आधी."

बसलो. गाडी सुटली. पुढे जायचं म्हणून मी दांडा पुढे ढकलला. इंजिन असं किंचाळलं की खालून शेजारची कोकिळाबाई धावत वर आली.

"अहो आजोबा, पुढं नाही! स्वतःकडे ओढा!"

"वेग वाढवायला मागे ओढायचा?"

"मागे नाही. तुमच्याकडे."

ओढला. खट्. हाताला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण माझी खोड जाईना. प्रत्येक गिअरला डावा पाय दोनदा क्लचवर आणि मध्ये माझा तो श्वास. तेवढ्यात गाडी दरीत.

"आजोबा, कविता नको, गिअर टाका! यात मध्ये थांबायची जागाच नाही."

आणि मग सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "बाबांना गाडी का येत नाही हो?"

पंचवीस वर्षं मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आलोय. त्याला जमलं नाही. तेच उत्तर तोंडात आलं होतं, पण हात अजून त्या दांड्यावर होता. मी पाणी प्यायला खाली आलो. वर गेलो तोवर तिचा प्रश्न विरून गेला होता. माझा नाही विरला.

तेव्हा ऐक, रत्नू.

त्या दिवशी खिंडीत तू चाकावर होतास. एकोणीस वर्षांचा. मध्ये मी, पलीकडे नीराबाई, मागे मासळीच्या टोपल्या आणि बाजाराला निघालेल्या चार बायका. दुसऱ्यावरून तिसरा टाकायला गेलास आणि दांडा करकरला. पुन्हा टाकलास, पुन्हा करकरला. गाडी मागे सरकली, टोपल्या सांडल्या. नीराबाई म्हणाली, "सीतारामा, पोराला कविता शिकवल्यास, गाडी कवा शिकवशील?" मागच्या बायका हसल्या. आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हणालो, "उतर खाली. तुझ्या हातात गिअरच न्हाय. तुला बैलगाडी पण कोण देणार न्हाय." तू उतरलास. चालत घरी गेलास. नंतर कचेरीत चिकटलास, आणि चाकाला परत हात लावला नाहीस.

तिसरा गिअर अडकत होता, बाळा. दोन आठवडे अडकत होता. दांडा किंचित उचलून सीटच्या बाजूला झुकवला तरच बसायचा, आणि हे फक्त मला माहीत होतं. मेस्त्रीला सांगितलं नव्हतं, नीराबाईला नाही, तुलाही नाही. ती गाडी माझ्याशिवाय कोणाला हाकता येऊ नये, असं मला वाटायचं. इतकी क्षुद्र गोष्ट. तुझ्या हातात गिअर होता. माझ्या पोटात खोट होती.

त्यानंतर तू सणाला येतोस, पाया पडतोस, जेवतोस आणि अंधार व्हायच्या आत निघतोस. मी तुला कधी अडवलं नाही. म्हटलं, रस्त्याला उशीर नको. ही थापच.

दांडा मी निवडलाय. घरं नसलेला, पोलादी. घरं असली की चुकीच्या घरात हात जातो. आणि दोष दुसऱ्याच्या हाताला द्यायची सोय होते. टेबल मात्र त्याच्या धक्क्याने हलतं, खाली लाकडी ठोकळा ठोकून घेईन.

खरं सांगू? हे सगळं लिहून मी कागद गादीखाली ठेवणार होतो. असे दोन याआधीही लिहिलेत. तिसराही तिथेच...

थांब. दारात रिक्षा थांबलीये.

जयमाला आहे. एकटीच, आज, कामाच्या दिवशी! आरोही ओरडत जिन्यावरून खाली गेली. मी खिडकीतून विचारलं, "काय गं, सगळं बरं ना?" ती म्हणते, "बरं आहे मामंजी. ह्यांनीच पाठवलं. म्हणाले, रविवारी पोरीची शर्यत आहे, तयारी बघून ये. आणि अण्णांना विचार, आरोही फोनवर म्हणत होती त्यातला दांडा कुठला घेतला."

विचारलंस तू. रत्नू, दांड्याचं विचारलंस.

ती सहाच्या गाडीने परत निघणार म्हणते. मी तिला सांगितलं, तुझ्या नवऱ्याचं उत्तर लिहूनच ठेवलंय, जरा मोठं आहे, तेवढं पिशवीत घाल. तिने हात पुढे केलाय. आता पाकीट शोधत बसलो तर माझा विचार बदलेल, म्हणून उघडंच देतोय.

तुझ्या हातांची माफी मागणारा,
तुझा
अण्णा