बिगरचिठ्ठीची तपासणी

११ जानेवारी १९८८

डोकं ठिकाणावर नाही. सकाळी ओपीडीत सोनपेठकडच्या खेड्यातली केशरबाई आली. तिशीची, सोबत सासू सरजाबाई. काल संध्याकाळी कापसाच्या रानात भुजंगनं — गावचे पुढारी आबासाहेब यांच्या पुतण्यानं — तिच्यावर जबरदस्ती केली. अशी तपासणी बाई डॉक्टरनं करायची. इथे ती मी एकटीच. हातमोजे घातले तोवर दवाखान्याचे अधीक्षक चारठाणकर आले. पोलिसांची चिठ्ठी कुठाय? नाही ना, मग हात लावायचा नाही. दोघींना ठाण्यावर धाडलं.

दुपारी परत आल्या. तिथला जमादार म्हणाला, सगळा स्टाफ विद्यापीठ नामांतराच्या मोर्चाच्या बंदोबस्ताला गेलाय. आधी डॉक्टरचा दाखला आणा, मग चिठ्ठी देतो. वर सल्ला — घरी जा, अंग धुवा, उद्या या!

अंग धुवा म्हणे! केशरबाईला सांगितलं, तपासणी होईपर्यंत आंघोळ नको, लुगडं बदलू नको. का, तेही सांगितलं.

१२ जानेवारी

दोघी व्हरांड्यातच राहिल्या. ठाण्याला फोन केला — साहेब बाहेर गेलेत. चारठाणकर म्हणतात, थांबा. पुरावा थांबतो का?

सरजाबाई माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. "चिठ्ठी न्हाई म्हणून हिचं दुखायचं थांबलंय का, बाई?"

केशरबाईला विचारलं, तपासू का?

"तपासा. आन् मग मला आंग धुवू द्या."

तपासलं. सिस्टर सुमनबाई सोबत होत्या. विचारल्याशिवाय कुठे हात लावला नाही. जखमा लिहून ठेवल्या, नमुने घेतले, लुगडं सीलबंद केलं. सुमनबाईंनी पाणी तापवलं, घरची साडी आणून दिली. केशरबाई बराच वेळ न्हाणीतून बाहेर आली नाही. आम्ही कुणी हाक मारली नाही.

१३ जानेवारी

भुजंगची दोन माणसं जीपमधून आली. चारठाणकरांच्या खोलीत चहा गेला.

१६ जानेवारी

सरजाबाई ठाण्यासमोर ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे काल तक्रार लिहून घेतली. आणि आज माझ्याकडे खुलासा मागितलाय — चिठ्ठीशिवाय तपासणी का केली?

चारठाणकर दुष्ट नाहीत. बसा म्हणाले, मग हळूच — "प्रमोदिनीबाई, साधी ओपीडीतली तपासणी होती, पोलीसकेस म्हणून नव्हती, एवढं लिहून टाका. तुमची नोकरी अजून पक्की नाही."

तसं लिहिलं की सीलबंद लुगड्याला कोर्टात कोण विचारतो? भुजंग सुटलाच. नाही लिहिलं तर मी परभणीला, घरी बसून. सोमवारपर्यंत मुदत.

१७ जानेवारी

दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं ते चारठाणकरांनी सांगितलं तसंच. भुजंगची माणसं गावात म्हणतायत, केशर खोटारडी. बाकी कुणा बाईची तक्रार नाही, हिचीच कशी? उठते, बसते. पुन्हा उठते.

१८ जानेवारी

कागद घेऊन चारठाणकरांच्या दारापर्यंत गेले होते. सुमनबाईंनी हाक मारली. ओपीडीत दोन अनोळखी बायका, केशरच्याच गावच्या. एक पोरसवदा सून, एक पिकल्या केसांची. पोलीस नाही, घरचं कुणी नाही.

"बिगरचिठ्ठीचं तपासत्यात त्या बाई तुमीच का?"

हो म्हणाले. आता तो कागद देता येणार नाही.

दार लावून घेतलं. एकीला आत बसवलं, एकीला बाहेर. जखमा कधीच भरल्यात, तपासण्यासारखं काही उरलेलं नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. सांगायलाच आल्या होत्या. दोघींनी वेगवेगळं सांगितलं. एकीचं मागच्या सुगीतलं, एकीचं किती वर्षांपूर्वीचं.

नाव दोघींनी भुजंगचंच घेतलं.