मातृफलकाच्या मृत्यूचे कारण

हारो, इलोइलो
१४ ऑक्टोबर २०२४

चिरंजीव केर्विन यास,

वाचण्यापूर्वी आशीर्वाद, वाचून झाल्यावर तो परत करण्याची मुभा आहे. तुझी आई कुशल आहे, मांजर व्याले आहे, आणि तुझ्या खोलीचे छत यंदा गळले नाही. सेबूला आत्याकडे तुझेही क्षेम असावे. चौदा महिन्यांत माझ्या एकाही निरोपास उत्तर न आल्याने हे मी केवळ अनुमानाने लिहितो.

पत्रास कारण निव्वळ तांत्रिक आहे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी स्वहस्ते एक क्रीडासंगणक रचण्याचा संकल्प केला आहे. हसू नकोस. तुझी आई हसून झाली आहे.

सर्व अडले ते मदरबोर्डापाशी. ज्या पाटीवर यच्चयावत अवयव बसवायचे, ती पाटी. मी तिला मातृफलक म्हणतो; त्यामुळे निदान मला त्यातले काही कळते असा भास होतो. पहिल्या खेपेस मी पेटी घेतली, कारण तिचा निळा रंग प्रसन्न होता. दुसऱ्या खेपेस प्रोसेसर घेतला, कारण त्याचे खोके भारदस्त होते. तिसऱ्या खेपेस कळले, की हा क्रमच उफराटा आहे. माझा प्रोसेसर ज्या फलकावर बसतो, तो फलक माझ्या पेटीत मावत नाही. जो पेटीत मावतो, त्यावर प्रोसेसर बसत नाही. आणि ज्या एका पुण्यवान फलकावर हे दोन्ही साधते, त्यावर मी हौसेने घेतलेली मेमरी बसत नाही, कारण तिची खाच अर्ध्या नखाने भलतीकडे आहे. विवाह जुळवणे याहून सोपे. तेथे कोणीतरी खोटे बोलून प्रकरण निभावते तरी.

इंटरनेटवरील पंडितांना शरण गेलो. एक म्हणतो, हाच घ्या. दुसरा म्हणतो, तो घेणारा गाढव. दोघांचेही अनुयायी असंख्य, आणि दोघेही माझ्याहून वयाने निम्मे.

दुकानात चार्लिन नावाची मुलगी आहे. तू मला मारायचास तीच हाक ती मारते, ताताय. पांढऱ्या केसांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला या मुली तसेच म्हणतात, हे मी जाणतो. तरी त्या दुकानात मी गरजेपेक्षा दोन वेळा अधिक गेलो.

"आलात परत?" ती परवा म्हणाली. "पेटी बदला म्हटलं ना, ताताय! निळीच हवी हा काय हट्ट? फिएस्टाला मिरवायचीये का तिला?"

मी गांभीर्याने पृच्छा केली, "बाई, या यंत्रात माता आहे. पित्याला कोठे स्थान आहे काय?"

"आहे की! पॉवर सप्लाय. तळाशी बसतो, तापतो, घरघर करतो, आणि गेला की सगळ्यांना घेऊन जातो."

मी हसलो. मग तिने एक फलक पुढ्यात ठेवला. "हा घ्या. ह्याच्यात आतल्या प्रोग्रामची दुसरी प्रत असते. अपडेट चालू असताना ब्राउनआउट झाला तरी बोर्ड वाचतो."

"आणि प्रत नसली तर?"

"मेला. वीट होते त्याची."

"एकच मिनिट वीज गेली तरी?"

"मिनिट कशाला, सेकंद पुरे. पण वीज कधी जाणार ते आधी बघूनच करतात हो सगळे. तेवढी अक्कल पोरांना असते."

तेवढी अक्कल तुला होती. वीज कंपनीचे वेळापत्रक तू फ्रिजवर चिकटवले होतेस, आणि त्या दिवशी आपल्या गल्लीचे नाव त्यात नव्हते.

हे पत्र मी यापूर्वी तीनदा लिहिले, आणि तीनदा येथूनच पुन्हा मेमरीच्या खाचेकडे वळलो. आता वळत नाही.

त्या संध्याकाळी ताटातला मासा निवत होता. मी तीन हाका मारल्या. तू आतून ओरडलास, "पाचच मिनिटं, ताताय! आत्ता काही बंद करू नका!" मला त्यातला उद्धटपणा ऐकू आला, अर्थ ऐकू आला नाही. मी जिन्याखाली गेलो, मेन स्विच खाली ओढला आणि अंधारात उभा राहून म्हणालो, "ब्राउनआउट."

शेजारी नेस्तरकडचा कराओके अखंड गात होता. तू दारात येऊन तो ऐकलास. मग माझ्याकडे पाहिलेस. मग जेवायला बसलास आणि मासा संपवलास.

दुसऱ्या दिवशी तुझा संगणक उठला नाही. वर्षभर एकेक भाग जमवून तू तो रचला होतास. मी म्हणालो, "स्वस्तातला माल असाच जायचा." हे वाक्य मी पंधरा दिवस रोज नवनव्या अलंकारांनी सजवून ऐकवले. सोळाव्या दिवशी तू सेबूची बोट धरलीस.

नगरपालिकेत मी एकोणतीस वर्षे मृत्यूच्या नोंदी करतो. कारणाच्या रकान्यात खोटे लिहिणाऱ्यास आमच्याकडे घरी बसवतात. तुझ्या बोर्डापुढे मी 'निकृष्ट माल' असे लिहिले. कारण मी होतो. बोर्ड मरेल हे मला ठाऊक नव्हते. वीज मी घालवली, हे ठाऊक होते.

आज दुपारी जेवताना हे तुझ्या आईला सांगितले. चौदा महिने ती बिचारी शेजारणींना स्वस्तातल्या मालाची कथा ऐकवत होती. तिने माझ्या हातातला डाव काढून घेतला. म्हणाली, "मला काय सांगता? त्याला सांगा."

फलक मी घेतलेला नाही. चार्लिनने विचारले, कोणासाठी हवा? मी म्हटले, मुलासाठी. "मग त्यालाच निवडू द्या की!" इतक्या खेपांत मला हे सुचले नव्हते. पेटी, प्रोसेसर, मेमरी, सर्व परत केले. तुला गळ घालील असा एकही भाग मी घरात ठेवलेला नाही. आलास तर आपण दुकानात जाऊ. निवड तू करशील, पिशवी मी धरीन. नाही आलास, तरी हा कागद तुझ्यापाशी असू दे.

सहीवाचून कबुली ग्राह्य धरत नाहीत, म्हणून पूर्ण नावाने,

पोलिकार्पो देलगादो सुमागायसाय
तुझा ताताय